रात्री कोण थांबलं होतं?

“आत्या आयसीयूत आणि ही स्पेनमध्ये चित्रं काढत बसलीय.”

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं हे वाक्य. लिहिणाऱ्या काकांचं नाव सांगायची गरज नाही. असे एक काका प्रत्येक ग्रुपवर असतात, तुमच्याही असतील. वाक्याखाली नऊ अंगठे उमटले. मी नऊच्या नऊ नावं उघडून वाचली. सगळे कोल्हापुरातले, फार तर जयसिंगपूर-इचलकरंजीचे. आत्या होती त्या हॉस्पिटलात पोचायला त्यातल्या सगळ्यात लांबच्या माणसाला दीडेक तास लागला असता. त्या रात्री आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर या नऊपैकी एकही जण नव्हता.

लांब असलेल्या माणसाच्या नावानं बोटं मोडणं ही जवळ असलेल्यांची सोय आहे, एवढंच मला म्हणायचंय. “ती आली नाही” हे जितक्या मोठ्यानं म्हणाल, तितका “मग मी काय केलं?” हा प्रश्न ऐकू येईनासा होतो. आणि आपल्याकडची ‘पेशंटला भेटायला जाणं’ ही जी पद्धत आहे ना, पिशवीत चार मोसंबी घेऊन जाण्याची, तीही याच सोयीत मोडते. भेटून आलं की कर्तव्य झालं. रात्र कुणी काढली, हे कुणी विचारत नाही.

आधी माझी बाजू, थोडक्यात. मी कोल्हापूरची. चित्रकला इथंच शिकले. बार्सिलोनात तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीवर होते. रेसिडेन्सी म्हणजे राहायला खोली, कामाला जागा आणि शेवटी एक छोटं प्रदर्शन. ‘स्पेनमध्ये सेटल’ वगैरे काही नाही. पंचविसाव्या दिवशी घरून फोन आला. आत्या बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी न्यूमोनिया आणि आयसीयू. सहाव्या दिवशी मी कोल्हापुरात होते. अकरा दिवस राहिले आणि परत गेले.

हे ‘परत गेले’ फार जणांना टोचलं. आली ते ठीक, पण परत? आत्यानंच जा म्हटलं होतं, असं मी सांगू शकते आणि ते खरंही आहे. पण ती कुणालाही जाच म्हणाली असती, त्यामुळे तिच्या पदराआड लपायची माझी इच्छा नाही. माझं काम अर्धवट होतं, ती बरी होत होती, म्हणून मी गेले. मुलगा दुबईला किंवा पुण्याला ‘ड्युटीवर’ परत जातो तेव्हा त्याला डबा बांधून देतात. बाई चित्रं काढायला परत गेली की ती मजा मारायला गेली. नोकरी हे काम आणि चित्र हा छंद, ही आपली ठरलेली वाटणी आहे. आणि हे कोल्हापुरात! जे गाव स्वतःला कलापूर म्हणवतं, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची नावं घेताना ज्याची छाती फुगते, त्या गावात. चित्रकार मेल्यावर त्याचा अभिमान बाळगणं सोपं असतं.

पण माझा विषय मी नाही. या आरोपाच्या धुरळ्यात जी दिसेनाशी झाली, ती वहिनी हा माझा विषय आहे.

वहिनी म्हणजे आत्याची सून. एका पतसंस्थेत नोकरी करते. आत्या बावीस रात्री हॉस्पिटलात होती, तेविसाव्या दिवशी घरी आली. त्या बावीस रात्रींपैकी सहा मी काढल्या, दोन दादानं, म्हणजे आत्याच्या मुलानं. उरलेल्या चौदा वहिनीनं. हा हिशोब मला ठाऊक आहे, कारण तो दोन वह्यांत लिहिलेला आहे. एक वही वहिनीची, दुसरी माझी.

वहिनीची शंभर पानी. पुढच्या पानांवर औषधांची नावं, वेळा, डॉक्टर राउंडला काय म्हणाले, मेडिकलची बिलं. मागून उलटी उघडली की भेटायला आलेल्यांची यादी. तारीख, नाव, काय आणलं. ही यादी कशाला, असं मी विचारलं तर ती म्हणाली, “सासूबाई शुद्धीवर आल्या की पहिलं हेच विचारणार, कोण कोण येऊन गेलं. आणि उद्या त्यांच्या घरी कुणी ॲडमिट झालं तर आपल्याला जायला नको?” एकसष्ट नावं होती. शहाळी सव्वीस. त्यातली बारा तर आत्याला तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं तेव्हाच पलंगाखाली जमली होती. पायाच्या सुपाचे थर्मास चार, कारण हाड मोडलं की पाया पाहिजेच. ते सूप रोज रात्री दादा आणि वॉर्डबॉय प्यायचे. डबा आणणारे तिघं, माझ्या आईला धरून. तिचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवत नाही, म्हणून ती खालीच रिक्षात बसून डबा वर पाठवायची.

एकसष्ट माणसं. प्रत्येकानं वहिनीला विचारलं, “कसं झालं?” मग घसरण्याची गोष्ट तिनं एकसष्टदा सांगितली. “डॉक्टर काय म्हणतात?” तेही एकसष्टदा. “त्या अमक्यांच्या आईचं पण असंच झालं होतं,” असं सुरू करून त्या अमक्यांच्या आई कशा गेल्या, हे पेशंटच्या उशाशी उभं राहून सांगणारे किमान पाच. मग खोलीतली एकुलती खुर्ची पाहुण्याला. वहिनी उभी. मग खालून चहा. चहा आणायला पुन्हा वहिनीच. जाताना सगळे म्हणायचे, “काळजी घे हं, तुझी पण. काही लागलं तर सांग.” काही लागलं तर सांग! आपल्या भाषेत याच्याइतकं स्वस्त वाक्य दुसरं नाही. ज्याला सगळंच लागतंय त्यानं आता यादी करून अर्ज करायचा. “आज रात्री मी बसतो, तू घरी जाऊन झोप,” असं एकानंही म्हटलं नाही. उलट रात्री साडेआठला, भेटीची वेळ संपताना, सगळे घुटमळत उभे असायचे आणि वहिनीच म्हणायची, “तुम्ही जावा, मी थांबतो.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात बायकाही ‘थांबतो’, ‘येतो’, ‘करतो’च म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणींना याचं फार कौतुक. मला मात्र त्या अकरा दिवसांत एवढंच कळलं की व्याकरण पुल्लिंगी असून थांबणाऱ्याचं लिंग काही बदलत नाही.

आता दुसरी वही. माझी, ए-फाइव्ह आकाराची, स्केचची. आयसीयूत अर्थातच तिला जागा नव्हती. आत्या खोलीत आल्यावर मी ती काढली. सिस्टरनं पहिल्याच दिवशी हटकलं, “कशाला काढताय?” आत्याचं काढतेय, दुसऱ्या पेशंटचं काढणार नाही, असं सांगितलं. तिनं आत्यालाच विचारलं. आत्या म्हणाली, “काढू दे की. नाहीतर नुसतं माझ्या तोंडाकडं बघत बसंल.” ही परवानगी.

दुसऱ्या दिवशी एका मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की माणूस आजारी असताना चित्रं काढणं बरं दिसत नाही. याच मामांनी आदल्या संध्याकाळी आत्याचा, नाकात नळी असलेला, फोटो काढून स्टेटसला टाकला होता. खाली हात जोडलेले, वर ‘गेट वेल सून’. आत्याला कुणी विचारलं नव्हतं. तिचा गाऊन खांद्यावरून घसरला होता, तोही फोटोत तसाच. तो बरा दिसला. फोटो काढायला दोन सेकंद लागतात आणि तो तुम्ही तिथं होतात याचा पुरावा असतो. चित्राला चाळीस मिनिटं लागतात आणि ती चाळीस मिनिटं तुम्हाला खरोखर तिथं बसावं लागतं. मान कुठल्या बाजूला कलते, सलाइनच्या हाताची बोटं किती सुजलीत, उशी कुठं दाबली गेलीय, हे सगळं बघावं लागतं. तिसऱ्या दिवशी काढता काढता मला दिसलं की आत्या डावी टाच सतत उचलून धरतेय. सिस्टरला सांगितलं. टाच लाल झाली होती, बेडसोरची सुरुवात. मी काही फार मोठी निरीक्षक नाही. चाळीस मिनिटं बसलेल्या कुणालाही ते दिसलं असतं. एकसष्ट जणांना दिसलं नाही, कारण सगळे तोंडाकडे बघून “बरं वाटतंय ना?” विचारत होते.

आजाऱ्याचं चित्र काढणं हा गैरफायदा आहे का, हा प्रश्न खरा आहे, तो मामांच्या तोंडी शोभत नसला तरी. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलर यानं आपल्या प्रेयसीची, व्हॅलेंतीन गोदे-दारेलची, कॅन्सरनं खंगत जाणारी शेवटची वर्षं चितारली. शंभराहून अधिक रेखाटनं आणि चित्रं, ती जानेवारी १९१५मध्ये गेली त्या पलंगापर्यंत. चेहरा उशीत बुडत जातो, शरीर आडवं होत होत रेषेसारखं उरतं. ती चित्रं बघून काही लोकांना आजही संताप येतो. मला येत नाही, पण का येतो ते समजतं. होडलरच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मानावीच लागते, की एवढी चित्रं काढायला तो माणूस त्या पलंगाजवळ किती तास बसला असेल! ज्यांना हे निर्दयी वाटतं त्यांनी आपले तास मोजावेत.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं तर सुधीर पटवर्धन. पुण्याच्या एएफएमसीतून डॉक्टर झालेला हा चित्रकार ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होता. दिवसा लोकांची हाडं आणि फुप्फुसं बघायची आणि उरलेल्या वेळात तीच माणसं, लोकलमधली, रस्त्यावरची, इराण्याच्या हॉटेलातली, रंगवायची. त्यांच्या चित्रांत माणसाचं शरीर दमलेलं असतं आणि त्याला वजन असतं. आजार बघणं आणि चित्र बघणं यांत त्यांनी भिंत बांधली नाही.

तर माझ्या वहीत त्या दिवसांची चौदा पानं आहेत. विमानात बसल्यावर मी ती पहिल्यांदा सलग चाळली. काढताना मी आत्याचंच चित्र काढत होते. पण चौदापैकी अकरा पानांवर वहिनी आहे. कुठं पायाशी बसलेली, कुठं नुसता हात, चमचा धरलेला. कुठं खिडकीशी पाठमोरी, फोनवर पतसंस्थेच्या साहेबांना रजा वाढवून मागताना. एका पानावर ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपलीय. दादा दोन पानांवर. पाहुण्यांपैकी कुणी एकाही पानावर नाही, कारण चाळीस मिनिटं कुणी टिकलंच नाही. मी ठरवून काढलेलं नव्हतं. जे समोर होतं ते पेन्सिलीत आलं. एकसष्ट नावांची यादी आणि ही अकरा पानं शेजारी ठेवली की माझं सगळं भांडण तुम्हाला कळेल.

दादाबद्दल वाईट बोलायचं नाही. तो शिरोलीला फाउंड्रीत आहे. रक्ताच्या पिशव्यांसाठी तोच पळाला, कॅशलेसच्या खिडकीवर तीन दिवस तोच भांडला, पगार त्याचाही कापला गेला. पण त्यानं रात्री का काढायच्या नाहीत, यावर घरातलं उत्तर होतं, “त्याला सकाळी ड्युटी असते.” वहिनीलाही असते. साडेनऊला पतसंस्थेचं शटर तिलाच उघडायचं असतं. हे घरात माहीत नव्हतं असं नाही. ते कुणाच्या तोंडावर आलं नाही, एवढंच.

हे आमच्याच घरात आहे असंही नाही. केंद्र सरकारनं २०२४मध्ये केलेलं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण बघा. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका दिवसात घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात. पुरुषांत हेच प्रमाण २१.४ टक्के. आणि जे करतात त्यांच्यातही बाईची १४० मिनिटं, पुरुषाची ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे, त्यामुळे हा आकडा फक्त हॉस्पिटलचा नाही. पण वाटणीचा नमुना तोच. दुप्पट बायका, आणि प्रत्येकीचा जवळजवळ दुप्पट वेळ.

“बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?” हा युक्तिवाद मी ग्रुपवर ऐकला. जनरल वॉर्डात तो नियम असतो, आणि असावा. पण आत्या स्वतंत्र खोलीत होती, तिथं मुलगा थांबू शकत होता आणि दोनदा थांबलाही. आणि नियम आहे असं धरलं तरी वहीतल्या एकसष्टपैकी सदतीस बायका होत्या. त्यांतल्या सातजणींनी एकेक रात्र घेतली असती तर वहिनीच्या चौदाच्या सात झाल्या असत्या. पण त्या सातजणींनाही त्यांच्या घरी सकाळचा डबा असतो, हेही मी विसरत नाही. म्हणजे त्यांच्या घरच्या पुरुषांनी त्या सकाळी डबा करायचा. तिथं येऊन गाडी थांबते.

आता स्पेन. मला तिथं काय दिसलं ते सांगते, आणि ‘बघा परदेशात कसं असतं’ हा सूर माझा नाही हे आधीच नोंदवते.

बार्सिलोनाच्या जुन्या वस्तीत सांता क्रेउ नावाचं एक हॉस्पिटल होतं, १४०१ साली सुरू झालेलं. आता तिथं ग्रंथालय आहे. आवारात संत्र्याची झाडं, दगडी कमानी, आणि बाकांवर आमच्यासारखे स्केच करणारे. आपल्याकडं पंचगंगा घाटावर किंवा रंकाळ्याला रविवारी पोरं बसतात तसेच. सगळेजण कमानी काढतात. या कमानींमागच्या हॉस्पिटलात १९२६ साली अंतोनी गौदी मेला. सग्रादा फामिलिया बांधणारा हाच तो गौदी. ७ जूनला त्याला ट्रामनं उडवलं. अंगावरचे कपडे इतके जुने होते की लोकांना तो भिकारी वाटला, आणि त्याला गरिबांच्या या हॉस्पिटलात आणून टाकलं. ओळख पटायला दुसरा दिवस उजाडला. १० जूनला तो गेला आणि त्याच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं. पहिल्या रात्री कुणी नाही आणि शेवटच्या दिवशी सगळं गाव, हे वाचून मला कोल्हापूर आठवलं नाही असं म्हणणार नाही.

त्याच शहरात पिकासोच्या संग्रहालयात एक भलंमोठं चित्र आहे, ‘विज्ञान आणि करुणा’. १८९७चं. पिकासो तेव्हा पंधरा वर्षांचा. पलंगावर आजारी बाई. एका बाजूला डॉक्टर, हातात घड्याळ, तिची नाडी बघतोय. डॉक्टरसाठी पिकासोनं स्वतःच्या वडलांनाच बसवलं होतं. दुसऱ्या बाजूला नन, तिच्या कडेवर त्या बाईचं मूल, आणि हातातला कप ती पुढं करतेय. परत गेल्यावर मी या चित्रासमोर दोनदा जाऊन बसले. विज्ञान आहे, करुणा आहे, मूलही आहे. मग काल रात्री या बाईची चादर कुणी बदलली? तो कप धुतला कुणी? घरचं मोठं माणूस या चित्रात एकही नाही. पंधरा वर्षांच्या पोराला दोष देत नाही. त्यानं स्पर्धेला पाठवायचं चित्र काढलं होतं आणि परीक्षकांना उदात्त विषय लागतात. पण आपल्या डोक्यातलं हॉस्पिटलचं चित्र अजून तेच आहे. डॉक्टर देवमाणूस, सिस्टर करुणामूर्ती, आणि तिसरी बाई, जी अटेंडंट म्हणून पासावर सही करते, ती चौकटीबाहेर.

मी राहत होते तिथल्या घरमालकिणीचा भाऊ त्याच सुमारास ॲडमिट होता. तिच्या फ्रिजवर एक कागद चुंबकानं लावलेला. वार आणि नावं. सोमवार रात्र, मंगळवार रात्र. ती त्याला ‘तुर्नो’ म्हणायची, म्हणजे पाळी. दोन भाचे, एक भाची, ती स्वतः आणि भावाचा एक जुना मित्र. भाच्यानं गुरुवार दोनदा चुकवला म्हणून फोनवर जे भांडण झालं ते मला भाषा न कळताही पूर्ण कळलं. म्हणजे तिथं माणसं देव नाहीत. पण भांडायला कागद होता. कुणाची पाळी चुकली हे दिसत होतं. शिवाय कायदाही थोडा मदतीला आहे. २०२३पासून स्पेनमध्ये जवळचा नातेवाईक हॉस्पिटलात असेल तर नोकरदाराला पाच दिवसांची पगारी रजा हक्कानं मिळते. आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, जोडीदार, जोडीदाराचे आईवडीलसुद्धा. म्हणजे सासू चालते. घरात सोबत राहत नसेल तर आत्या मात्र चालत नाही, ती नात्याच्या तिसऱ्या पायरीवर. हे वाचून मला हसू आलं. वहिनीला तिथं रजा मिळाली असती, मला नाही. इथं वहिनीची किरकोळ रजा आठव्या दिवशी संपली, पुढची बिनपगारी.

कायदा होईल तेव्हा होवो. पाळीचा कागद लावायला कुणाची परवानगी लागते? आणि कोल्हापूरकरांनी तरी ‘आम्हाला नियोजन जमत नाही’ म्हणू नये. गणपतीत दहा रात्री मंडपात मूर्तीजवळ कोण झोपायचं, याची पाळी प्रत्येक तालमीत लागते आणि पोरं ती चोख पाळतात. विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरमागं कोण, लाइटचा जनरेटर कुणाकडं, पहाटेचा वडा कुणी आणायचा, सगळं ठरलेलं. २०१९च्या महापुरात याच पोरांनी रात्र रात्र जागून लोकांना घराबाहेर काढलं, जेवण पोचवलं, औषधं पोचवली. जागरणाची आपल्याला सवय आहे. गणपतीजवळ जागायला मंडळ आहे, आत्याजवळ जागायला एकटी वहिनी. भाऊसिंगजी रोडवर टाऊन हॉलच्या बागेत संध्याकाळी बसा आणि समोर सीपीआरच्या गेटकडं बघा. आत जाणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या मोजा, आणि अंथरूण घेऊन जाणारी माणसं मोजा. दुसऱ्या मोजणीला फार वेळ लागणार नाही.

तुम्ही हे फोनवर वाचताय, कदाचित दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात. तुमच्यावरही हे वाक्य कधीतरी येणार आहे: तो तिकडं आणि इकडं त्याची आजी. तेव्हा ग्रुपवर खुलासे देत बसू नका, रडके इमोजी तर नकोच. विमान पकडता आलं तर पकडा, आणि आल्यावर भेटायला जाऊ नका, रात्र मागून घ्या. येता आलं नाही तर पाळीचा कागद तुम्ही करा. ते लांबून उत्तम करता येतं, शहाळी पाठवण्यापेक्षा बरं. सहा जणांना फोन लावा आणि “काही लागलं तर सांगा” म्हणू नका, “शनिवार कुणाचा?” विचारा. मी परत गेल्यावर हेच केलं. पहिल्या दोन दिवसांत तिघांनी फोन उचलला नाही. काकांनी उचलला. म्हणाले, “अगं, मला हॉस्पिटलच्या वासानं मळमळतं.” मी म्हटलं, “मग सकाळचे आठ ते दहा घ्या, वहिनी अंघोळीला घरी जाईल. खिडकी उघडी ठेवते ती.” दोन सकाळी ते आले, हेही लिहायला पाहिजे. आत्याशी काय बोलायचं हे त्यांना कळेना म्हणून त्यांनी तिला पेपर वाचून दाखवला, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. आत्याला ते फार आवडलं.

वहिनीच्या रात्री त्यानं कमी झाल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यातल्या दोन दादानं घेतल्या, त्याही आत्यानंच त्याला झापल्यावर. बाकीच्या पुन्हा तिच्याच. पण अंघोळ घरी झाली.

आत्या आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. माझ्या वहीतलं पलंगाच्या कडेला झोपलेल्या वहिनीचं चित्र तिनं मागून घेतलं आणि फ्रेम करून स्वतःच्या खोलीत लावलंय. वहिनीला ते आजिबात आवडलेलं नाही. त्यात तिचं तोंड उघडं आहे.

गेल्या महिन्यात वहीतल्या एकसष्टपैकी एका मावशींना ॲडमिट केलं. रीतीनं वहिनीनं भेटायला जायला हवं होतं, मोसंबी घेऊन. तिनं त्यांच्या घरी फोन केला आणि विचारलं, गुरुवारी रात्री कोण आहे, नसेल तर मी येतो. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मावशींची सून म्हणाली, “रोज मीच आहे. का?”